आडोशाचा बर्फ: कोल्हापूर ते गुलमर्ग, नऊ दिवस

पहिला दिवस : मसाई पठार

पावसाचं गणित कोल्हापूरकराला शिकवावं लागत नाही. गगनबावड्यात वर्षाला सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात पूर्वेला शिरोळात त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. वारा ज्या अंगाने येतो तिकडे ओतायचं, धारेपलीकडचा आडोसा कोरडा ठेवायचा. हे गणित डोक्यात घेऊन फेब्रुवारीत काश्मीरला गेलं की घात होतो. तिथे वाऱ्याच्या तोंडावरची बाजू खरवडून निघते आणि तिथला सगळा बर्फ धार ओलांडून आडोशाला जाऊन साठतो. आकाशातून एक चिमूटही पडत नसताना साठतो. थंडीवाऱ्यात दमलेला माणूस "भावा, जरा आडोशाला बसूया की" म्हणतो, तेव्हा तो त्या डोंगरातली सगळ्यात वाईट, हिमस्खलन सुटायची जागा निवडत असतो. हे नऊ दिवस त्या एका सवयीशी भांडण्यात जातात.

सुरुवात पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावरच करावी. जागा मोकळी, गवत वाळलेलं, आणि वारा फुकट. माणशी तीन वस्तू लागतात: ट्रान्सीव्हर (अंगावर बांधायचं, गाडलं गेल्यावर रेडिओ संदेश पाठवणारं आणि दुसऱ्याचा संदेश शोधणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची घडीची लांब सळई), फावडं. तिन्ही प्रत्येकाकडे हवीत. दोघांत एक फावडं चालत नाही, कारण ज्याच्याकडे ते असेल तोच गाडला गेला तर दुसऱ्याच्या हातात काही उरत नाही. ट्रान्सीव्हर कुठल्याही कंपनीचा असो, सगळे ४५७ किलोहर्ट्झवर बोलतात, म्हणून वेगवेगळे आणले तरी बिघडत नाही. बॅटऱ्या मात्र कंपनीने सांगितलेल्याच घालाव्यात. बहुतेक यंत्रांना साध्या अल्कलाइन लागतात. रिचार्जेबल घातल्या तर टक्क्यांचा आकडा खोटं बोलतो आणि थंडीत अचानक दम तोडतो.

सराव असा. एक यंत्र चालू करून कापडी पिशवीत घालायचं आणि गवतात लपवायचं. शोधणाऱ्याने आपलं यंत्र शोधावर टाकायचं. पहिला टप्पा संदेश मिळेपर्यंतचा: ४० मीटर रुंदीचे पट्टे पाडत पळत जायचं. संदेश मिळाला की बाण दाखवेल तसं चालायचं. ही वाट सरळ नसते, वक्र असते, आणि नवखा इथेच गोंधळून बाणावर अविश्वास दाखवतो. यंत्रावरचा अंतराचा आकडा ३ मीटरच्या खाली आला की वेग निम्मा करायचा, यंत्र बर्फाला टेकवल्यासारखं खाली धरायचं आणि अधिकचिन्हासारखं पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे सरकवून सगळ्यात लहान आकडा गाठायचा. यंत्र या वेळी फिरवायचं नाही, फक्त सरकवायचं. मग तिथून २५-२५ सेंटिमीटरवर चक्राकार प्रोब खुपसत जायचं.

फोन हा इथला मोठा खोडकर. पाठवण्याच्या अवस्थेत ट्रान्सीव्हरपासून तो २० सेंटिमीटर लांब हवा, शोधताना ५० सेंटिमीटर. हातातलं स्मार्ट घड्याळ आणि गरम होणारे बॅटरीचे हातमोजेही त्याच पंगतीतले. आकडे उगाच नाचायला लागले तर यंत्र बिघडलेलं नसतं, खिशातला फोन बोलत असतो.

प्रोब आणि फावड्याचा सराव जांभ्याच्या सड्यावर होत नाही. त्यासाठी गुऱ्हाळावरचा चिपाडाचा ढीग उत्तम. एक मीटर खाली भरलेलं पोतं पुरायचं आणि प्रोबने शोधायचं. पोत्याला लागलेला प्रोब किंचित उसळतो, जमिनीला लागलेला थडकतो. हा फरक हाताला एकदा कळला की विसरत नाही. सापडल्यावर प्रोब उपसायचा नाही, तसाच ठेवायचा. खणायचं ते प्रोबच्या डोक्यावरून नव्हे, उताराच्या खालच्या अंगाने: प्रोबवर जेवढी खोली दिसेल तिच्या दीडपट अंतर खाली सरकायचं आणि तिथून आडवं आत शिरायचं. पुढचा माणूस तोडतो, मागचे दोघं इंग्रजी व्हीच्या आकारात उभे राहून बर्फ मागे ढकलतात, दर मिनिटाला जागा बदलतात. चिपाड हलकं असतं, त्यामुळे गैरसमज होऊ नये म्हणून सांगायला हवं: थांबलेलं हिमस्खलन काही क्षणांत घट्ट होतं आणि एक मीटरखालच्या माणसाला काढायला एक ते दीड टन बर्फ हलवावा लागतो. प्लास्टिकचं फावडं त्यात वाकतं. पातं धातूचंच घ्यावं.

घाई कशाला, याचं उत्तर आकड्यांत आहे. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर आलेल्यांपैकी दहातले नऊ जगतात. अर्ध्या तासाच्या सुमाराला दहातले तीनच. गुलमर्गच्या गावातून मदत वर येईपर्यंत ही वेळ निघून गेलेली असते. गाडल्या गेलेल्याला वाचवतो तो शेजारी उभा असलेला मित्र.

उतरताना पन्हाळ्याच्या बाजूचे उतार मोजावेत. फोनमधल्या कोनमापकाने, आणि काठ्यांनीही. काठ्यांची रीत अशी: सारख्या लांबीच्या दोन काठ्या घ्यायच्या. पहिली उताराच्या सरळ रेषेत, टोक वर आणि मूठ खाली अशी आडवी टाकून मुठीच्या जागी खूण करायची. वरचं टोक जागेवर दाबून ठेवत मूठ उचलायची आणि तिथून दुसरी काठी ओळंब्यासारखी लटकवायची. लटकत्या काठीचं टोक बरोबर खुणेवर आलं तर उतार ३० अंश. खुणेच्या खाली गेलं तर त्याहून तीव्र. वर राहिलं तर सौम्य. डोळ्यांच्या अंदाजासाठी घरचा जिना लक्षात ठेवावा, तो साधारण ३० ते ३५ अंशांचा असतो. हिमस्खलनं मुख्यतः ३० ते ४५ अंशांत सुटतात, आणि सगळ्यात जास्त ३८ च्या आसपास. म्हणजे जिन्याहून थोडा उभा. भीती वाटावी इतका तो उभा दिसतच नाही.

दुसरा आणि तिसरा दिवस : वाटेत

कोल्हापूरहून निजामुद्दीनला जाणारी थेट गाडी आठवड्यातून एकदाच, त्यामुळे बाकीचं वेळापत्रक तिच्याभोवती बसवावं लागतं. नाहीतर पुण्याहून विमान. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर रेल्वेही सुरू झाली आहे. चार गोष्टी निघण्याआधीच उरकाव्यात. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, गटात किमान दोघांकडे पोस्टपेड हवं. उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत, परदेशातल्या भावाने भेट दिली असली तरी. हिमस्खलनात फुगून माणसाला वर ठेवणाऱ्या एअरबॅगच्या पिशवीतला दाबाचा सिलिंडर विमानात न्यायचा तर विमान कंपनीची आगाऊ परवानगी लागते; नाही मिळाली तर तो विमानतळावरच राहतो. आणि भडंग जास्त घ्यावं, ते गोठत नाही.

गाडीत वेळ असतो तेव्हा नकाशा काढावा. १:५०,००० प्रमाणाच्या आणि ४० मीटर अंतराच्या समोच्च रेषा असलेल्या नकाशावर दोन रेषांमध्ये १.४ मिलिमीटर जागा असेल तर उतार ३० अंश, ०.८ मिलिमीटर असेल तर ४५. पट्टीच्या कागदावर या दोन खुणा करून नकाशावर सरकवत जायचं आणि यांच्या मधे येणारी प्रत्येक जागा पेन्सिलीने रंगवायची. बारीक लहान उंचवटे नकाशावर दिसत नाहीत, एवढं ध्यानात ठेवून.

चौथा दिवस : गुलमर्ग, २,६५० मीटर

श्रीनगरहून टनमर्ग, तिथून साखळ्या लावलेल्या गाडीने वर. कोल्हापूर ५५० मीटरवर, म्हणून आज चढाई नाही. गोंडोलाचा, म्हणजे तारेवरच्या पाळण्यांचा, पहिला टप्पा सुमारे ३,०८० मीटरवरच्या कोंगदूरीला, दुसरा अफरवटच्या खांद्यावर ३,९५० मीटरच्या आसपास. यंत्र काही मिनिटांत वर सोडतं, फुप्फुसांना तेवढ्यात जमत नाही, आणि धाप लागलेला माणूस निर्णय वाईट घेतो.

संध्याकाळी गावातूनच डोंगर वाचता येतो. अफरवटची लांबलचक धार गावाच्या नैर्ऋत्येला आहे. हिवाळी हवा भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांबरोबर येते, धारेवरचा जोराचा वारा बहुतेक वेळा पश्चिम-नैर्ऋत्येचा. म्हणजे गावातून दिसणारा, ईशान्येकडे तोंड केलेला तो देखणा उतार म्हणजे सगळा आडोसा. दुर्बिणीतून धार पाहिली तर बर्फाचा पांढरा धूर गावाच्या दिशेला उडताना दिसतो. पोस्टकार्डावर हे दृश्य छान दिसतं. इथे त्याचा अर्थ: माल उतरतोय.

चंडीगढची संरक्षण खात्याची डीजीआरई ही संस्था (पूर्वीची सासे) हिमस्खलनाचे इशारे देते. धोक्याची पातळी १ ते ५. पाचांत तीन म्हणजे काठावर पास असा आपला शाळकरी हिशेब, पण ३ म्हणजे एका माणसाच्या वजनाने उतार सुटू शकतो. पातळी ४ किंवा ५ असते तेव्हा लोक घरी बसतात. ३ ला बाहेर पडतात आणि सापडतात.

पाचवा दिवस : वारा

रात्री बर्फ थोडाच पडला, हाताच्या वितीएवढा. वारा मात्र दिवसभर. गोंडोलाचा दुसरा टप्पा बंद. लोक हॉटेलात कंटाळतात, पण अभ्यासाचा दिवस हाच.

हलका कोरडा बर्फ ताशी २० ते ३० किलोमीटरच्या वाऱ्याला हलायला लागतो. ३० ते ८० ही वाहतुकीची खरी पट्टी. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की वाहून नेलेला बर्फ साधारण आठपट होतो, कारण हिशेब घनाचा आहे. बहुतेक माल जमिनीलगतच्या दहाएक सेंटिमीटरमध्ये उड्या मारत जातो, जोर वाढला की धुरासारखा वर उचलला जातो. धारेच्या टोकावर वारा दाटतो आणि पळतो, पलीकडे उतरताच मंदावतो आणि हातातलं ओझं टाकतो. आकाशातून पडणाऱ्या बर्फाच्या दहापट वेगाने असा थर चढू शकतो. म्हणून गावात वीतभर बर्फ पडला तर धारेमागे छातीइतका असू शकतो.

बदल फक्त जागेत होत नाही, बर्फाच्या जातीतही होतो. आकाशातून येणारी चांदणी सहा फांद्यांची. वाटेत आपटून तिच्या फांद्या तुटतात, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा चुरा राहतो. हा चुरा आडोशाला घट्ट रचला जातो आणि कण एकमेकांना पटापट चिकटतात. तयार होतो तो विंड स्लॅब. स्लॅब म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे घरावरचा सिमेंटचा स्लॅब येतो आणि ते बरोबरच आहे: वर कडक, एकसंध, वजनदार. फक्त इथे वाऱ्याने सेंट्रिंग न ठोकताच स्लॅब टाकलेला असतो. खाली काय आहे ते त्याने पाहिलेलं नसतं.

खाली काय असू शकतं? कधी त्याच रात्रीचा, वारा सुटण्याआधी पडलेला मऊ बर्फ. हे बरं प्रकरण, दोन-तीन दिवसांत बसतं. कधी स्वच्छ थंड रात्री पृष्ठभागावर फुललेलं गोठलेलं दव, पिसासारखं. ते गाडलं गेलं की आठवडे टिकतं. आणि कधी साखर. चिल्लई कलां, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, कोरडे गेले तर जमिनीवरचा पातळ बर्फ वरून गोठलेला आणि खालून जमिनीच्या उबेला असतो. दर १० सेंटिमीटरला एक अंश किंवा त्याहून जास्त फरक पडला की कणांमधले सांधे सुटतात आणि टोकदार, सुटे दाणे बनतात. मुठीत घेऊन पाहावं: कारखान्यातल्या साखरेसारखे घसरतात, गोळा होत नाही. या साखरेवर स्लॅब बसला तर तो दोन-तीन दिवसांचा पाहुणा राहत नाही. २०२४ चा जानेवारी गुलमर्गमध्ये जवळपास बिनबर्फाचा गेला, फेब्रुवारीत जोरात पडला, आणि २२ फेब्रुवारीला खिलनमर्गच्या वरच्या उतारावरच्या हिमस्खलनात एक रशियन स्कीअर गेला. त्याआधीच्या वर्षी, १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटवर दोन पोलिश स्कीअर गेले होते.

सहावा दिवस : उघडीप

निळं आकाश, वारा पडलेला, गोंडोलापुढे रांग. जुलैत पाऊस उघडला की कोल्हापूरकर रंकाळ्याकडे धावतो, तसं इथे सगळे वर धावतात. वाऱ्यानंतरचे पहिले २४ तास वाईटातले वाईट. नंतरही दोन-तीन दिवस माणसाच्या वजनाने स्लॅब सुटू शकतो, आणि थंडी कडक असेल तर मुदत आणखी लांबते, कारण थंडीत कण चिकटायचं काम मंदावतं. उतार पुढे पसरलेला, त्यावर एकही पाऊल नाही. मोह होतो.

आजचा कार्यक्रम कोंगदूरीच्या आसपास, जंगलाच्या कडेला. आधी डोळ्यांची कामं. खडकांच्या ज्या बाजूला गोठलेल्या धुक्याची पांढरी खरखरीत पिसं चिकटली आहेत तिकडून वारा आला. ज्या जागी पृष्ठभागावर नांगरल्यासारखे खाचखळगे आहेत ती खरवडलेली, वाऱ्याच्या तोंडची बाजू. तिथे जुन्या पावलांचे ठसे उलटे, उंचवट्यासारखे वर राहतात: पावलाखाली दाबलेलं टिकलं, भोवतीचं उडून गेलं. आडोशाची बाजू गुळगुळीत, गादीसारखी फुगीर, खडूसारखी मंद पांढरी, चमक नसलेली. नव्या माणसाला खाचखळग्याची बाजू धोक्याची वाटते आणि गादी सुरक्षित. नेमकं उलटं.

मग पाय आणि कान. स्लॅबवर पाऊल टाकलं की हलगीवर थाप पडल्यासारखा पोकळ आवाज येतो. पावलापासून पुढे सुरीने कापल्यासारखी भेग धावली तर तो सगळ्यात स्पष्ट निरोप. भेग जितकी लांब धावते तितकं वाईट. आणि "व्हुम्फ" असा खोल आवाज येऊन पायाखालचं मैदान सूतभर खाली बसलं, तर खालचा कच्चा थर कोसळला असं समजायचं. उतार ३० च्या वर असता तर आपण आता खाली असतो. यांपैकी एकही दिसलं तर खड्डा खणायची गरजच नाही. उत्तर मिळालेलं असतं.

काही दिसलं नाही तर खड्डा. जागा निवडण्यात निम्मं काम आहे: ज्या उतारावर जायचंय त्याच दिशेला तोंड असलेला, पण २८ अंशांच्या आतला, आणि वर डोक्यावर काही टांगलेलं नसलेला तुकडा. प्रोबने खोली पाहिली, १४० सेंटिमीटर. भिंत उभी तासून बोटांनी वरपासून खालपर्यंत दाबत यायचं. मूठ शिरते तो सगळ्यात मऊ थर, मग चार बोटं, एक बोट, पेन्सिल, शेवटी चाकू. आज वरचे ३० सेंटिमीटर एक बोट ते पेन्सिल. त्याखाली १२ सेंटिमीटर मूठ. मग उन्हाने झालेली कडक पापडी, आणि तळाशी साखर. वर कडक खाली मऊ, उलटी रचना. भाकरी फुगल्यावर वरचा पापुद्रा सुटतो तशी.

मोठ्या स्तंभाची चाचणी यावर करतात: उताराला आडवी ९० सेंटिमीटर आणि वर-खाली ३० सेंटिमीटर अशी वडी चारी बाजूंनी सुटी कापायची. मागची बाजू गाठी मारलेल्या दोरीने करवतायची. एका टोकाला फावड्याचं पातं ठेवून त्यावर तळहाताने दहा थापा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. हात पडू द्यायचा, मारायचा नाही. पैलवानी दाखवली की निकाल खोटा येतो. चौदाव्या थापेला पापडीवरून भेग निघाली आणि त्याच थापेला पलीकडच्या टोकापर्यंत गेली. आकडा १४ आहे की १८, याला फारसं महत्त्व नाही. भेग एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकापर्यंत धावते का, हे महत्त्वाचं. इथे धावली.

धावली नसती तर? तर फक्त एवढंच कळलं असतं की या तीन फुटांत धावली नाही. विंड स्लॅबची जाडी पाच-दहा मीटरवर बदलते, कडेला चार बोटं आणि मधे छातीएवढी. म्हणून वाईट निकाल खरा मानायचा आणि चांगल्या निकालावर काहीही उभं करायचं नाही. चाचणी ही "नको" म्हणायचं कारण देते, "जा" म्हणायचं नाही.

स्लॅब बहुतेकदा त्याच्या पातळ कडेला पाय पडल्यावर सुटतो, कारण तिथे माणसाचं वजन कच्च्या थरापर्यंत पोचतं. जाड भागावर पाच जण चालून जातात, सहावा खडकाजवळच्या पातळ भागावर येतो आणि सगळा उतार निघतो. "आधीचे गेले की" हा पुरावा म्हणूनच कुचकामी. कडक स्लॅबची आणखी एक वाईट खोड: तो पायाशी तुटत नाही, आपण त्याच्या मध्यावर गेल्यावर डोक्याच्या वर तुटतो. पळायला कडच उरत नाही.

सातवा दिवस : वाट निवडताना

वाट जंगलाच्या सोंडेवरून, मग जिथे बर्फ खरवडला गेला आहे त्या वाऱ्याच्या बाजूच्या खडकाळ कण्यावरून. चालायला त्रासदायक, दगड स्नोशूला (बर्फावर चालायच्या रुंद तळव्यांना) लागतात, फोटो येत नाहीत. पण वाट हीच.

धार गाठल्यावर कॉर्निस. घराच्या वळचणीसारखा तो बर्फ धारेपलीकडे हवेत पुढे आलेला असतो आणि वरून पाहणाऱ्याला सपाट जमीन वाटते. तो काठाशी तुटत नाही, बराच मागे तुटतो, कधी जिथे खाली खडक आहे असं वाटतं तिथूनही मागे. वाऱ्याच्या बाजूचे उघडे खडक पायाखाली ठेवत चालायचं. कॉर्निस कोसळला की तो खालच्या स्लॅबवर हातोड्यासारखा पडतो, त्यामुळे त्याच्याखालून जाणंही नको, विशेषतः ऊन लागल्यावर.

फक्त धारेखालीच पाहणं ही दुसरी चूक. वारा उताराला आडवा वाहिला की प्रत्येक घळीची एक बाजू भरतो आणि दुसरी खरवडतो. जोराच्या वाऱ्यात माल धारेपासून शंभर-दीडशे मीटर खाली, उताराच्या पोटात जाऊन बसतो. तिथे वर कॉर्निस नसतो, त्यामुळे संशय येत नाही. दर काही पावलांनी काठीची मूठ बर्फात खुपसत राहायचं: आधी जोर लागून मग एकदम सैल गेली तर पायाखाली स्लॅब आहे. चार मीटर उंचीचा, खाली सपाटी असलेला छोटा बांध त्याच दिशेचा मिळाला तर त्याच्या वरच्या काठावर उडी मारून पाहावी. लहान बांध तुटला तर मोठा उतार त्याचाच भाऊ आहे.

एक घळ ओलांडावीच लागते. तिथे एका वेळी एकच माणूस. बाकीचे दुसऱ्या सोंडेवर, घळीच्या बाहेर, नजर चालणाऱ्यावर. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढलेले, स्नोशूचे बंद एका झटक्यात सुटतील असे. स्कीवाला अशी घळ काही सेकंदांत पार करतो. चालणारा तिथे मिनिटंच्या मिनिटं असतो आणि त्याचा पाय खोलही जातो. आपल्याकडचे गट चालणाऱ्यांचे, म्हणून आपली सवलत कमी. सुटलंच तर बाजूला निसटायचा प्रयत्न, जमेल तेवढा वर राहण्याचा झगडा, आणि वेग मंदावताच हात तोंडापुढे. बघणाऱ्यांनी शेवटचा दिसलेला बिंदू डोळ्यात धरायचा, सगळ्यांनी यंत्रं शोधावर टाकायची. एखादं पाठवत राहिलं तर सगळे त्याच्यामागे फिरतात.

दुपारी कोंगदूरीच्या वरच्या उतारावर न जाता परत. नव्या पावलांच्या तीन-चार ओळी त्याच उतारावर दिसत होत्या.

आठवा दिवस : खिलनमर्ग

आज चढ जवळजवळ नाही. खिलनमर्ग हे मोकळं कुरण, पिकनिकची जागा. पण ८ फेब्रुवारी २०१० ला इथेच सैन्याच्या उंचावरील युद्धशाळेचे १७ जवान हिमस्खलनात गेले. सपाटीवर उभं राहून मरता येतं, कारण बर्फ वर सुटतो आणि खाली येऊन थांबतो. आपण थांबण्याच्या जागेत आहोत का, हे पाहायचं तर हात लांब करून मुठी मोजाव्यात. एक मूठ म्हणजे सुमारे दहा अंश. डोळ्याच्या समतळीपासून उताराच्या वरच्या धारेपर्यंत दोन मुठी किंवा जास्त भरल्या, तर मोठं हिमस्खलन आपल्यापर्यंत पोचू शकतं. डबा खायची जागा याच हिशेबाने निवडावी. वाकलेली, वरच्या बाजूच्या फांद्या मोडलेली किंवा सगळी एकाच लहान वयाची झाडं असलेला पट्टा टाळावा. तिथून हिमस्खलनाची वाट गेलेली असते.

हे सगळं फेब्रुवारीपुरतं नाही. आपल्याकडचे लोक दसरा-दिवाळीच्या सुट्टीत उत्तराखंडला जातात. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा शिखराजवळ प्रशिक्षणार्थींच्या गटावर हिमस्खलन आलं; त्या वेळी २७ मृतदेह सापडले, दोघं बेपत्ता होते. पाच हजार मीटरच्या वर मान्सूनच्या शेवटाला ताजा बर्फ असतो, वाराही असतो. कॅलेंडर त्याला माहीत नसतं.

नववा दिवस : परतीचा

टनमर्गला उतरेपर्यंत वारा पडून तीन दिवस झालेले. वरचा मऊ थर बसत आला असेल, पण पापडीखालची साखर आहे तशीच आहे. पुढचा गट येत असेल तर त्याला तारीख, वाऱ्याची दिशा, उतार कोणत्या तोंडाचा, किती खोलीवर आणि भेग धावली की नाही, एवढं लिहून द्यावं. "बर्फ चांगला होता" या वाक्याचा कुणालाच उपयोग नाही.

घरी आल्यावर प्रोब उघडून आतली दोरी वाळवायची, फावड्याचा दांडा वेगळा करायचा. ट्रान्सीव्हरच्या बॅटऱ्या त्याच दिवशी काढाव्यात. कोल्हापूरच्या पावसाळ्यात त्या आत फुटतात, खार संपर्कपट्ट्यांवर चढतो, आणि ते कळतं पुढच्या फेब्रुवारीत.